नेपल्स (इटली): अंधार पडल्यावर, खिसा सांभाळून

निशाचर_नाशिक
ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात नेपल्सला तीन रात्री मुक्काम आहे. आम्ही दोघं आणि सासूबाई (वय ६८, पक्क्या शाकाहारी, अंडंही नाही, गुडघे बेताचे). दिवस पाँपेई आणि काप्रीत जाणार, म्हणजे शहर बघायला संध्याकाळनंतरचाच वेळ. माणशी वीस युरोत खाणंपिणं आणि फिरणं बसतं का? यूट्यूबवाले एक तर गच्चीवरच्या महागड्या बारमध्ये नेतात, नाहीतर 'रात्री बाहेर पडूच नका' म्हणून घाबरवतात. हॉटेल अजून ठरवलेलं नाही.

बंदरकर
आरामात बसतं. नेपल्सचं गणित सोपं आहे: उभं राहणं स्वस्त, बसणं महाग. काउंटरला उभं राहून प्यालेली एस्प्रेसो सव्वा ते दीड युरो. तीच मोठ्या चौकातल्या खुर्चीत बसून घेतली तर दुप्पट-तिप्पट. शिवाय जेवायला टेबलाशी बसलं की 'कोपेर्तो', म्हणजे बसण्याचा आकार लागतो, माणशी दीड ते तीन युरो. ही फसवणूक नाही, मेन्यूवर लिहिलेलं असतं, बहुधा शेवटच्या पानावर बारीक अक्षरात. तेवढं आधी वाचायचं.

म्हणून खाणं चालता चालता, आणि बसायचं ते फुकटच्या जागी. तीन रात्रींतून एकदाच बसून जेवा, तेही पिझ्झेरियात.

तुमच्या तारखांना सूर्य साधारण साडेसहाला मावळतो. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं मागे गेली की पाचलाच अंधार. तुमचं त्याआधीचं आहे, हे बरं.

घाटमाथा
हॉटेल आधी ठरवा. रात्र किती वाजता संपवायची याचा निकाल तिथेच लागतो.

मेट्रोची लाइन १ साधारण अकराच्या सुमारास आवरती घेते. शुक्रवार-शनिवारी उशिरापर्यंत चालवतात, पण ते बदलत असतं, त्या आठवड्याचं वेळापत्रक बघा. दान्ते, मोंतेसांतो किंवा म्युझेओ स्टेशनजवळ राहिलात तर रात्री गाडी लागतच नाही, सगळं पायी. मुख्य रेल्वे स्टेशनजवळ, म्हणजे गारिबाल्दीला, खोल्या स्वस्त दिसतात. पण तिथून राजवाड्यासमोरचा प्लेबिशितो चौक अडीच किलोमीटर. दोन रात्री टॅक्सी केली की वाचवलेले पैसे गेले.

खोलीच्या भाड्याखेरीज शहराचा मुक्काम-कर प्रति माणशी प्रति रात्र वेगळा लागतो. बऱ्याच ठिकाणी तो रोखीने मागतात.

चहाबाज
@घाटमाथा, गारिबाल्दीला उगाच बदनाम करू नका. पाँपेईची चिर्कुमवेसुवियाना गाडी तिथूनच मिळते, सकाळी सामान आणि म्हातारं माणूस घेऊन धावपळ नको. आणि कोर्सो उंबेर्तो हा रुंद, दिव्यांचा रस्ता आहे. सरळ चालत या.

घाटमाथा
सरळ अडीच किलोमीटर, बेताच्या गुडघ्यांनी, रात्री अकराला. बरं.

चहाबाज
मान्य, सासूबाई विसरलो होतो. दान्ते धरा.

रातराणी
त्याच गाडीच्या दुसऱ्या टोकाला, सोरेंतोला राहून संध्याकाळी नेपल्सला येऊ, असा विचार असेल तर सोडून द्या. चिर्कुमवेसुवियाना रात्री दहाच्या आतबाहेर संपते. नेपल्स जेवायला बसतं साडेआठ-नऊला.

पाँपेई ऑक्टोबरअखेरपर्यंत सातला बंद होतं, शेवटचा प्रवेश साडेपाचला. गाडी पाऊण तासाच्या आत नेपल्सला आणते. तुम्ही पाचला बाहेर पडा, म्हणजे सूर्यास्त हाती लागेल.

बंदरकर
सूर्यास्तावरून. वर वोमेरो टेकडीवर सान मार्तिनोच्या मठासमोर मोकळा चौक आहे, लार्गो सान मार्तिनो. तिकीट नाही. खाली जुनं शहर, त्याला चिरत गेलेली स्पाक्कानापोली रस्त्याची सरळ रेघ, समोर व्हेसुव्हियस, उजवीकडे बंदर. सव्वासहाला पोचा आणि दिवे लागेपर्यंत थांबा. मावळतीपेक्षा त्यानंतरची वीस मिनिटं जास्त मोलाची.

जायचं केबलच्या रेल्वेने, फुनिकोलारेने. मोंतेसांतोहून बसून मोर्गेन स्टेशनला उतरा, तिथून मठ सर्वांत जवळ. विया तोलेदो या रस्त्यावरून सुटणारी चेंत्राले (१९२८ सालची) पियात्सा फुगा या चौकात सोडते, तिथून थोडं जास्त चालावं लागतं. भाडं मेट्रोइतकंच, दीड युरोच्या आसपास. मेट्रोच्या फाटकावर बँकेचं कार्ड टेकवूनही आत जाता येतं. कागदी तिकीट घेतलं तर मशीनमध्ये शिक्का मारायला विसरू नका. न मारलेलं तिकीट म्हणजे तपासनिसाच्या लेखी विनातिकीट.

डोंगरभाऊ
उतरताना पेदामेंतीनाच्या पायऱ्यांनी या! ४१४ पायऱ्या, मठापासून थेट कोर्सो वित्तोरियो एमानुएलेपर्यंत, पूर्ण फुकट.

हिरवा_माठ
४१४ पायऱ्या. बेताचे गुडघे. डोंगरभाऊ, मूळ प्रश्न वाचायची पद्धत आहे इथे.

डोंगरभाऊ
ज्यांचे गुडघे शाबूत आहेत त्यांच्यासाठी लिहिलं हो. मात्र तेही उजेड असताना. अंधार पडल्यावर मधले काही टप्पे फार मिणमिणते आणि निर्मनुष्य असतात, पायऱ्यांची धारही झिजलेली आहे.

खवय्या_कोल्हापूर
इतकी भूगोलाची चर्चा आणि खाण्याचं कुणी बोलत नाही? घ्या.

१) पिझ्झा आ पोर्ताफोल्यो, म्हणजे चार घड्या घालून कागदात दिलेला छोटा पिझ्झा. दोन-अडीच युरो. विया देई त्रिबुनालीवर पिझ्झेरियांच्या बाहेरच्या काचपेटीत रचलेला असतो. दिवसा माल पटापट फिरतो, रात्री आठनंतर पेटीतला गार आणि चामट होतो. तेव्हा 'काल्दा' म्हणून नुकताच निघालेला मागा. आतला टोमॅटो जबरदस्त तापलेला असतो, पहिला घास टोकाकडून आणि पुढे वाकून. शर्ट वाचवायचा असेल तर.

२) कुओप्पो, म्हणजे कागदी शंकूतलं तळण. पाच ते आठ युरो. 'दी मारे' म्हणजे मासळी (आलिची, कालामारी, बाकाला), 'दी तेर्रा' म्हणजे भाज्या, बटाटा, कणकेचे गोळे. समोर तळणाऱ्याकडेच घ्या. हॉटेलवर नेऊन खाऊ म्हणाल तर दहा मिनिटांत वाफेने लिबलिबीत होतं. लिंबू पिळा आणि तिथेच संपवा.

३) तारल्ली. मिरी आणि बदाम घातलेलं खुसखुशीत कडं, समुद्राकाठी मेर्जेल्लिनाच्या टपऱ्यांवर गरम मिळतं. बिअरबरोबर याच्या तोडीचं काही नाही.

हिरवा_माठ
खवय्यांच्या यादीतला क्रमांक ३ सासूबाईंना चुकूनही देऊ नका. नेपल्सचं तारल्ली डुकराच्या चरबीत मळतात, 'सुन्या'. बिस्किटासारखं निरागस दिसतं म्हणून शाकाहारी मंडळी हमखास फसतात. सविस्तर लिहिते.

नको: स्फोल्यातेल्ला या गोड पदार्थाची पापुद्र्यांची 'रिच्चा' (चरबी, सारणात अंडं), 'बाबा' नावाचा केक (अंडं आणि वर रम), फ्रित्तातिना (पास्त्याची तळलेली वडी, आत खिमा किंवा हॅम), क्रोक्के (बटाट्याचं असलं तरी अंडं असतं, कधी हॅमही), पिझ्झा फ्रित्ता (सारणात 'चिकोली', हेही डुकराचंच). शेवटचा चिकोलीशिवाय करून देतात, 'सेंत्सा चिकोली'.

चालेल: पिझ्झा मारिनारा. टोमॅटो, लसूण, ओरेगानो, तेल, बस. चीज नाही आणि यादीत सर्वांत स्वस्तही तोच. नेपल्सच्या पिझ्झ्याच्या कणकेत पीठ, पाणी, मीठ, यीस्ट एवढंच असतं. मार्गेरिताही घेता येईल, पण चीजमधलं रेनेट (दूध साकळवायला घालतात ते) बहुधा प्राणिज असतं आणि वरून पार्मिजानो किंवा पेकोरिनो भुरभुरतात. पार्मिजानोत तर वासराचंच रेनेट, तसा नियमच आहे. सासूबाईंना ते चालतं का हे इथेच विचारून घ्या, तिथे टेबलावर नको.

तळणात त्सेप्पोलिने (आंबवलेल्या पिठाचे गोळे), स्काल्योत्सी (मक्याच्या पिठाच्या तळलेल्या वड्या) आणि वांग्याचे काप. पण कढई मासळीची आणि भाजीची एकच असते. ते चालत नसेल तर तळण विसरा.

फ्रियारिएल्ली ही कडसर पालेभाजी, लसूण-मिरचीत परतलेली. हिचा हंगाम शरदात सुरू होतो. सॉसेजबरोबर देतात, म्हणून 'कोंतोर्नो', म्हणजे नुसती बाजूची भाजी म्हणून मागा.

आणि महत्त्वाचं: नुसतं 'सेंत्सा कार्ने' म्हटलं की हॅम चालतं असा समज होतो. 'सेंत्सा प्रोशुत्तो, सेंत्सा पेशे, सेंत्सा उओवा, सेंत्सा सुन्या' असं चारही सांगा.

जैन_मुलुंड
मारिनारा लसणाशिवाय?

खवय्या_कोल्हापूर
मग टोमॅटो लावलेली भाकरी उरली. पण करून देतील.

हिरवा_माठ
गोडाचं राहिलं. लिंबाची ग्रानिता (चवीच्या बर्फाचा चुरा) निर्धास्त. फळांचं सोर्बेत्तोही चालेल, बऱ्याच ठिकाणी त्यात दूधही नसतं. जेलातोत कस्टर्डच्या चवीचं, 'क्रेमा', टाळा, अंडं असतं.

सोडावॉटर
लिमोनाता आ कोशे आपेर्ते कुणीच कसं लिहिलं नाही? हे 'आक्वाफ्रेस्काइओ'च्या टपरीवर मिळतं. एक पियात्सा त्रिएस्ते ए त्रेंतोत, प्लेबिशितोला लागूनच. मोठ्या लिंबांचा रस, गार सोडा, आणि शेवटी अर्धा चमचा खायचा सोडा. क्षणात फेस उसळून ग्लासाबाहेर येतो. म्हणून पाय फाकवून, पुढे झुकून, एका दमात प्यायचं. नावाचा अर्थही तोच. थोडक्यात, लिंबू पिळलेला ईनो. जड जेवणानंतर रामबाण.

बोलघेवडा
या धाग्यावर फोटो आले की आम्हालाही ईनोच लागेल.

कट्टेकरी
पेयांचं मी सांगतो. नेपल्समध्ये उत्तर इटलीसारखं 'पेयाबरोबर थाळीभर फुकट खाणं' सगळीकडे नसतं. चिप्स, शेंगदाणे, ऑलिव्ह, इतकंच. त्यावर पोट भरेल असं धरू नका.

पियात्सा बेल्लिनी हा जुना अड्डा, चौकात इसवीसनपूर्व चौथ्या शतकातली ग्रीक तटबंदी उघडी ठेवलीय आणि भोवती बार. बसलात तर स्प्रित्झ (प्रोसेक्को या फेसाळ वाइनचं कॉकटेल) सहा-सात युरो. दोन मिनिटांवर पियात्सा सान दोमेनिको माज्जोरेत विद्यार्थी प्लास्टिकच्या ग्लासात घेऊन मनोऱ्याच्या पायाशी उभे असतात, तिथे तीन-चार युरो. क्वार्तिएरी स्पान्योलीत, म्हणजे अरुंद गल्ल्यांच्या जुन्या वस्तीत, त्याहून स्वस्त. तिथल्या अगदी स्वस्त स्प्रित्झमध्ये बर्फ जास्त आणि प्रोसेक्को नावाला, हेही लक्षात घ्या.

गर्दीच्या भागात रात्री काचेची बाटली घेऊन फिरायला वेळोवेळी बंदी असते. प्लास्टिकमध्ये ओतून मागा.

अवांतर: सान दोमेनिकोच्या चौकातल्या पालात्सो कोरिल्यानोत 'लोरिएंताले' विद्यापीठ आहे. १७३२ साली मातेओ रीपा या मिशनऱ्याने स्थापलेल्या चिनी कॉलेजातून ते वाढलं. तिथे हिंदी शिकवतात. चौकात मराठीतून कुणाची टिंगल करताना बेतानं.

बंदरकर
@कट्टेकरी, बेल्लिनीची गर्दी आणि धूर ६८ वर्षांच्या बाईंना कशाला? त्यांच्यासाठी लुंगोमारे. विया पार्तेनोपेपासून मेर्जेल्लिनापर्यंत समुद्राकाठी अडीच-तीन किलोमीटर सपाट, त्यातला काही भाग गाड्यांना बंद. कास्तेल देल ओवो हा किल्ला बाहेरूनच बघायचा, रात्री उजळतो. समुद्राच्या कठड्यावर हवं तितकं बसा. रोतोंदा दियात्सनंतर माणसं विरळ होतात, तिथून परत फिरा किंवा सरळ मेर्जेल्लिनाच्या टपऱ्यांपर्यंत जा. मेर्जेल्लिनाला लाइन २ चं स्टेशन आहे, पण शेवटची गाडी आधी बघून ठेवा.

पार्तेनोपेवरच्या उपाहारगृहांत मात्र बसू नका. पैसे समुद्राच्या दृश्याचे लावतात.

कट्टेकरी
लुंगोमारे साडेनऊला आवरतं हो, शनिवार-रविवार सोडून. नेपल्सची रात्र जुन्या शहरातच. दोघांनी एक रात्र बेल्लिनीला द्या, सासूबाईंना हॉटेलवर ग्रानिता नेऊन द्या.

रातराणी
ग्रानिता वाटेत वितळेल. सासूबाईही.

पहारेकरी
सुरक्षेबद्दल, कारण मूळ प्रश्नात आहे. पर्यटकाला खरा धोका खिसेकापूंचा आणि स्कूटरवरून पर्स ओढणाऱ्यांचा. पर्स अंगावर तिरकी, रस्त्याच्या उलट्या बाजूला. फुटपाथच्या कडेला उभं राहून नकाशा बघू नका, दुकानात शिरून बघा. फोन बाहेरच्या टेबलावर ठेवायचा नाही. लाइन १ आणि चिर्कुमवेसुवियानात दारापाशी उभं राहायचं नाही, चढ-उताराच्या रेट्यातच हात जातो.

क्वार्तिएरीत माणसं असलेल्या गल्ल्यांतून जा, मॅराडोनाच्या भित्तिचित्रापर्यंत (विया एमानुएले दे देओ) रात्रीही वर्दळ असते. तिथे फुटपाथ नाहीत आणि स्कूटर उलट-सुलट येतात. भिंतीला खेटून, एकामागे एक चाला.

दुसरं, रस्त्याचे दगड. काळे बसाल्टचे, वर्षानुवर्षं घासून गुळगुळीत. ऑक्टोबरात पाऊस पडतो आणि ओल्या दगडावर चामडी तळ टिकत नाही. सासूबाईंना रबरी तळाचे बूट. हे पर्स सांभाळण्याइतकंच महत्त्वाचं.

टॅक्सी केलीत तर गाडी हलायच्या आधी 'तारिफ्फा प्रेदेतेर्मिनाता' म्हणा. ठरावीक ठिकाणांमधले दर महापालिकेने बांधून दिलेत, दरपत्रक गाडीत असावंच लागतं. आधी न मागितल्यास मीटर पडतो आणि रात्रीचा अधिभार वर.

नांदीवाला
फुकटातली करमणूक: प्लेबिशितो चौकात राजवाड्याच्या दाराकडे पाठ करून उभं राहायचं, डोळे बांधायचे आणि समोरच्या दोन घोडेस्वार पुतळ्यांच्या मधून सरळ चालत जायचं. जमत नाही. चौकाला अगदी हलका उतार आहे आणि फरसबंदी पावलं वळवते. रात्री मोकळा चौक असताना खरी मजा.

शेजारीच सान कार्लो, १७३७ चं नाट्यगृह, मिलानच्या स्कालापेक्षा एकेचाळीस वर्षांनी मोठं. वरच्या मजल्यावरच्या, रंगमंच अर्धवट दिसणाऱ्या जागा बऱ्याच स्वस्त असतात. संगीत पूर्ण ऐकू येतं. पण जिने आणि अरुंद बैठक, त्यामुळे गुडघेवाल्यांनी विचार करून. तोलेदो मेट्रो स्टेशनही (२०१२, ऑस्कर तुस्केत्सची रचना) तिकिटाच्या पैशात बघून होतं, लांबच लांब सरकत्या जिन्यांवर फक्त उभं राहायचं.

बोलघेवडा
डोळे बांधून सासूबाईंना चालवायचं? प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

हिशेबनीस
आकडे मांडतो, अंदाजे.

चालणाऱ्याची रात्र: फुनिकोलारे १.५०, कुओप्पो ६, स्प्रित्झ ४, घडीचा पिझ्झा २.५०, कॉफी १.३०, स्फोल्यातेल्ला २.२०. एकूण १७.५०.

बसणाऱ्याची रात्र: फुनिकोलारे जाऊन-येऊन ३, मारिनारा ६, कोपेर्तो २, पाणी २.५०, ग्रानिता ३. एकूण १६.५०.

म्हणजे सासूबाई बसून जेवूनही जावयापेक्षा स्वस्त.

चहाबाज
कॉफीचं थोडं. गर्दीच्या बारमध्ये आधी 'कास्सा'वर पैसे भरून पावती घ्या, ती काउंटरवर ठेवून सांगा. सोबत पाण्याचा छोटा ग्लास देतात, तो कॉफीच्या आधी प्यायचा. काही ठिकाणी साखर घोटूनच देतात, नको असेल तर 'आमारो'. कुणा अनोळखी माणसासाठी एका कॉफीचे जास्तीचे पैसे भरून जायची इथली रीत आहे, 'काफे सोस्पेसो'. सव्वा युरोत इतकं पुण्य दुसरीकडे नाही.

निशाचर_नाशिक
सगळ्यांचे आभार, वाचनखूण साठवली. दान्तेजवळ खोली बघतोय. सासूबाई म्हणतात रेनेट चालणार नाही, म्हणजे मारिनारा. दोन शंका. पिझ्झेरियातल्या रांगेत त्यांना किती उभं राहावं लागेल? आणि चौथ्या दिवशी सिसिली बेटावर, पालेर्मोला जायचंय, रात्रीची बोट घेतली तर हॉटेल वाचेल का?

खवय्या_कोल्हापूर
रांगेचं: नावाजलेल्या जागी साडेआठ ते दहा टाळा. सातला दार उघडताच जा. बऱ्याच ठिकाणी दारात नाव किंवा नंबर घेतात. एकाने नंबर घ्यायचा, बाकीच्यांनी कुठेतरी टेकायचं. पिझ्झा ४३० अंशांच्या वर तापलेल्या भट्टीत मिनिट-दीड मिनिटात होतो, त्यामुळे आत गेल्यावर थांबावं लागत नाही. मध्यभागी ओला असतो, तो कच्चा नव्हे. काटा-सुरीने खायचा. पार्सल घेऊ नका, डब्यात वाफ कोंडून कडा रबरासारख्या होतात.

बंदरकर
बोट वाचवते. नेपल्स-पालेर्मो साधारण रात्री आठला सुटते, दहा-अकरा तासांनी सकाळी पोचवते. दोघांसाठी खुर्चीचं तिकीट पुरेल, सासूबाईंसाठी मात्र केबिन घ्या. खुर्च्यांच्या दालनात एसी कडक असतो आणि दिवे पूर्ण मालवत नाहीत. तिघांची केबिन हॉटेलच्या दोन खोल्यांच्या भाड्याशी ताडून बघा. बोटीवरचं जेवण महाग आणि शाकाहाऱ्याला निरुपयोगी, मारिनारा बरोबर न्या, गार झाला तरी चालतो.

धक्का तिकिटावर बघा. काप्रीच्या वेगवान बोटी मोलो बेवेरेल्लोहून सुटतात, मोठ्या बोटींचा धक्का वेगळा, आणि बंदरात सामान ओढत चुकीच्या फाटकाशी गेलात तर अर्धा तास मोडतो. सातच्या आत हजर राहा. त्या दिवशी काप्री ठेवू नका, समुद्र खवळला की वेगवान बोटी आधी रद्द होतात.